हिरवा झगा आणि नास

रॅपर नासचा विषय निघाला की जाणकार लगेच १९९४च्या 'इलमॅटिक'वर येतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वस्तीत वाढलेल्या, तेव्हा जेमतेम विशीतल्या पोराचा हा पहिलाच अल्बम. थोर आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण माझं मत २०१२च्या 'लाइफ इज गुड'ला.

नुसतं मुखपृष्ठ बघा. पांढऱ्या सुटातला नास एकटा बसलाय आणि मांडीवर हिरवा झगा आहे. तो त्याच्या घटस्फोटित पत्नीचा, गायिका केलिसचा, लग्नातला. ती गेली, झगा मागे राहिला.

रॅपमध्ये वय लपवायची रीत. इथे मात्र चाळिशीला टेकलेला माणूस आपल्या चुका मोजतोय. 'डॉटर्स' या गाण्यात वयात आलेल्या मुलीच्या बापाची धास्ती आहे. स्वतः तरुणपणी काय दिवे लावले, हे आठवून ती आणखीच वाढते! आपल्याकडच्या किती बापांना हे पटेल!

'चेरी वाइन' या गाण्यात गायिका एमी वाइनहाउसचा आवाज आहे. अल्बम आला तेव्हा तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. निर्माता सलाम रेमी. एमीच्या अल्बमवरही त्याने काम केलं होतं.

'लाइफ इज गुड'ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पुरस्कार रॅपर ड्रेकच्या 'टेक केअर'ने नेला. असो.

मूळ आवृत्तीतलं शेवटचं गाणं 'बाय बेबी'. समुपदेशक, वकील, मोडलेला संसार, सगळं त्यात येतं. पण बायकोबद्दलची माया काही सुटत नाही. सुरुवात तिथूनच करा, तीही रात्री, निवांत.