लकव्यानंतर पाऊल कसे उचलते?



मी शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. पण ज्याविषयी बोलणार आहे ते दुखणे कसारा, शहापूर, मुरबाडकडे कोणालाच अपरिचित नाही. लकवा, पुस्तकांत त्याला पक्षाघात म्हणतात.

लोक म्हणतात, "पाय मेला." वास्तविक पाय मेलेला नसतो. मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते आणि स्नायूंना मिळणारा हुकूम थांबतो. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू लुळी पडते. आपल्या रेल्वेच्या गावच्या भाषेत, इंजिन शाबूत आहे, सिग्नलची तार तुटली आहे. मात्र इंजिन महिनोन्महिने उभेच राहिले तर तेही गंजते. न वापरलेला स्नायू बारीक होतो, आखडतो. मग पुढे हुकूम येऊ लागला तरी तो पाळण्याची ताकद पायात उरत नाही.

बसल्या जागी एक करून पाहा. नडगीच्या किंचित बाहेरच्या बाजूस हात ठेवा आणि टाच न उचलता पंजा वर घ्या. हाताखाली जो स्नायू टणक लागतो, त्याच्यामुळे चालताना बोटे जमिनीला घासत नाहीत. हे अंतर जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचे! हा स्नायू दुबळा झाला की पंजा लोंबतो, उंबरठ्याला अडतो. मग रोगी पाय बाजूने अर्धगोल फिरवून टाकतो. आता पोटरी. कसारा घाटात ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे, म्हणून गाडीला मागून बँकर इंजिने लावतात. पोटरी हे आपले बँकर. तीच देहाला पुढे ढकलते. ती दुबळी झाली की चाल मंदावते, ताठरली की टाच टेकत नाही. उठून उभे राहण्याचा भार मांडीवर; सजद्यातून उठताना तो प्रत्येकाला जाणवतो.

म्हणून नुसते तेल चोळून भागत नाही. कबुतराच्या रक्ताने तर काहीच साधत नाही, पाखराचा जीव मात्र जातो. डॉक्टरांनी परवानगी देताच, पुष्कळदा एक-दोन दिवसांतच, रोग्याला बसवावे, उभे करावे. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जलद होते. नंतरही होते, पण हळू. ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढतो ही भीती खरी नाही. उंच खुर्चीवरून दिवसातून अनेकदा उठणे-बसणे हा घरच्या घरी होणारा उत्तम व्यायाम. पाण्याचा पेला हातात आणून देणे ही सेवा खरी; पण तो चार पावलांवर ठेवून रोग्याला सोबत चालवत नेणे, ही त्याहून मोठी. विद्यार्थ्यांनो, आजोबांना चालवताना लुळ्या बाजूस उभे राहा व कमरेला धरा. लुळा हात ओढू नका, खांदा निखळतो.

मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली, केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तेथे असे व्यायाम शिकवतात, आणि लोंबत्या पंजाला आधार देणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंट, मापाने करून मिळते. ती बंद बुटात घालावी. रबरी स्लिपर घालून रोग्याला कधीही चालवू नये.