मॉडेल मिल चौकातले माणकजी

नागपुरात गणेशपेठच्या एस.टी. स्टँडवर उतरून ऑटोवाल्याला ‘मॉडेल मिल चौक’ म्हटलं की तो पुढचं काही विचारत नाही. चौक सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ज्यांच्या कारभाराखाली इथली मॉडेल मिल ही कापडगिरणी चालली, त्या सर माणकजी बैरामजी दादाभाईंचं नाव मात्र आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

माणकजी पारशी, जन्म मुंबईचा, १८६५ सालचा. विलायतेत बॅरिस्टर झाले आणि १८९०च्या सुमारास मध्य प्रांताचे सरकारी वकील म्हणून नागपुरात आले. गांधीसागर तलावाजवळची टाटांची एम्प्रेस मिल तेव्हा जोरात होती. १ जानेवारी १८७७ला सुरू झालेली. वऱ्हाडातला कापूस हाताशी, रेल्वे दाराशी. वकिली करता करता माणकजीही जिनिंग-प्रेसिंग, कोळसा आणि मँगनीजच्या खाणी यांत उतरले. पुढे मॉडेल मिल आणि बडनेऱ्याची बेरार मॅन्युफॅक्चरिंग कंपनी त्यांच्याकडे होती.

पण मला आज सांगायचंय ते त्यांच्या १९११च्या ठरावाबद्दल. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना जपण्यासाठी सरकारने १८९६पासून हिंदुस्थानातल्या मिलच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला होता. आपल्याच कापसाचं, आपल्याच माणसांनी विणलेलं कापड, आणि कर कशासाठी, तर परदेशी मालाला त्रास होऊ नये म्हणून! हा कर उठवा, असा ठराव माणकजींनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मांडला. त्या चर्चेत गोपाळ कृष्ण गोखलेही बोलले. सरकारी मतांपुढे ठराव पडला. कर सुटायला १९२५चा डिसेंबर उजाडावा लागला.

यात मिलमालकाचा स्वार्थ होता, हे उघड आहे. तरी त्या दिवशी त्यांचा स्वार्थ आणि देशाचं हित एकाच बाजूला होतं, आणि सरकारदरबारी वजन असलेल्या माणसाने ते सरकारला तोंडावर ऐकवलं. मला याचं मोल मोठं वाटतं.

एरवी ते सरकारशी जुळवून घेणारे. ‘सर’ झाले, गोलमेज परिषदेला गेले आणि १९३३ ते १९४६ दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटचे, म्हणजे तेव्हाच्या वरिष्ठ सभागृहाचे, अध्यक्ष राहिले. १९५३मध्ये ते वारले.

मात्र मिल एकट्या मालकाची नसते. नागपूरच्या गिरण्यांत हलबा कोष्टी आणि दलित वस्त्यांमधली माणसं पिढ्यान् पिढ्या राबली. त्यांच्या हक्कांसाठी कामगार पुढारी रा. स. रुईकरांनी लढे दिले. माणकजींची भाषणं सभागृहाच्या छापील कामकाजात सापडतात. कामगारांचं बोलणं कुठे सापडणार?

१९७४ साली मॉडेल मिलचं राष्ट्रीयीकरण झालं. तिथे काम केलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर श्रोतेहो, त्यांच्या आठवणी त्यांच्याजवळ बसून, तारखेनिशी लिहून घ्या. हे काम याच वर्षी करा.