दुखण्याची मोजणी कोणाच्या मराठीत?



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने रुग्णांच्या प्रश्नावलीवर बोलावे, ही काहींना अनधिकार चर्चा वाटेल. पण ज्याची मोजणी नाही त्याची तरतूद नाही, हे अंदाजपत्रक वाचणाऱ्याला ठाऊक असते. आणि दुखण्याची मोजणी आता अशाच प्रश्नावल्यांतून होते.

कर्करोग्यांसाठी युरोपातील एका संशोधन-संघटनेची, १९९३ साली प्रसिद्ध झालेली तीस प्रश्नांची प्रश्नावली आज शंभराहून अधिक भाषांत गेली आहे. थाईत आहे, मराठीतही आहे. भाषांतराची रीत कडक. दोघांनी स्वतंत्र भाषांतरे करायची, त्यांचा मेळ घालायचा, मग तो मजकूर पुन्हा इंग्रजीत नेऊन मुळाशी ताडायचा, आणि शेवटी काही रुग्णांना विचारून त्यांना काय समजले ते पाहायचे. पुढे प्रमाणीकरण: एकाच त्रासाविषयीची उत्तरे परस्परांशी जुळतात का, आजार बळावलेल्याचे गुण हिंडत्याफिरत्या रुग्णाहून वेगळे येतात का. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय रुग्णांवर केलेली अशी तपासणी २००५ साली प्रसिद्ध झाली. त्या कामाविषयी मला आदरच आहे.

आपला जिल्हाही या क्षेत्रात नवखा नाही. १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा रुग्णालयाच्या साथीने येथील खेड्यांत १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी पाहणी केली. २००९ च्या निष्कर्षांनुसार एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या रोगाचे मृत्यू निम्म्याच्या जवळ आणले. परंतु चाचणीला बाईच्या शब्दांची गरज नसते. लक्षणे विचारायची झाली की भाषा आडवी येते. ‘श्वेतप्रदर होतो का?’ याला उत्तर ‘नाही’. ‘अंगावरून पांढरं जातं का?’ म्हटले की मान खाली घालून ‘हो’. ठणका निराळा, कळ निराळी, चमक निराळी, आग निराळी. इंग्रजीत परत नेताना या चौघी एकाच शब्दात विरघळतात, आणि भाषांतर बिनचूक ठरते!

तरी शब्दांची अडचण सुटण्याजोगी आहे. खरी अडचण श्रमाची. त्या तीस प्रश्नांतील पहिलाच प्रश्न बाजाराची जड पिशवी किंवा सुटकेस उचलण्याविषयी आहे. पुढे गेल्या आठवड्यात कामाला मर्यादा पडली का, असे विचारले आहे. ऊसतोडीला गेलेल्या कळंब-वाशीकडच्या बाईला हे विचारून पाहा. डोक्यावर मोळी घेऊन ती गाडी भरते. एक दिवस बसली तर खाडा धरतात, तो हिशेबातून कापतात. ती म्हणेल, ‘नाही, काम चालूच हाय.’ ती खोटे बोलत नाही. पण रजा टाकून घरी पडलेला पगारदार कागदावर तिच्याहून अधिक आजारी ठरतो. जुळणीच्या कसोटीला येथे काही खटकणार नाही, कारण तिची उत्तरे एकमेकांशी नीट जुळतात. विश्रांती परवडते त्याचेच दुखणे मोजणीत येते, असा याचा अर्थ होतो. आजाराने पैशाची ओढाताण झाली का, असाही एक प्रश्न तिथे आहे. उचलीच्या कर्जात आधीच बुडालेल्या घराने त्यातली आजाराची ओढाताण वेगळी कशी काढावी?

आज आशाताई तिशीवरील माणसांकडून लक्षणांचा तक्ता भरून घेतात. तेव्हा कार्यकर्त्यांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विचारावे: या तक्त्याची मराठी कोणत्या तालुक्यात, कोणासमोर वाचून पाहिली? त्यात मजूर स्त्रिया किती होत्या? पट्टा पडून तोडकरी गावी परततात, त्या वेळी ती पुन्हा वाचून पाहावी. एक प्रश्नही वाढवावा: दुखत असूनही किती दिवस कामावर गेलात? आणि त्यासाठी आशाताईंचा जो वेळ जाईल, त्याची मजुरी वेगळी द्यावी.