पिलाची हगवण आणि राखणीचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव, कर्ज आणि विजेचे बिल सोडून आज आम्ही कुत्र्याच्या पिलांवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत थोडे हसू झाले. हसायला हरकत नाही. पण आधी एक हिशेब करा. बियाणे, खत, फवारणी, वेचणी, निंदणी हा सगळा खर्च आपण मांडतो. रात्रीची राखण कोण मांडतो? ज्वारी निसवली की रानडुकराचा कळप एका रात्रीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत आडवी करतो. रोही तुरीचे शेंडे खातो, कपाशीतून पळतो. माणूस मळ्यावर बसला तरी पहाटे त्याचा डोळा लागतो. तेव्हा जागे असते ते कुत्रे. या राखणदाराला मजुरी नाही, सुट्टी नाही, आणि कोणत्याही उत्पादन खर्चाच्या तक्त्यात त्याचे नाव नाही.

हा राखणदार तयार व्हायला वर्ष लागते. गावात कुत्री विते, सहा-सात पिले होतात. दोन-तीन महिन्यांनी मोजायला जावे तर एखादे-दुसरे उरलेले असते. "हगवण लागली, गेली" एवढेच उत्तर मिळते. कशाची हगवण, हे कोणी विचारत नाही. आज तेच विचारायचे आहे.

पिलाच्या आतड्यात बिघाड करणारे मुख्य शत्रू तीन प्रकारचे आहेत.

पहिला शत्रू जंत. गोलकृमी कुत्रीच्या अंगातून गर्भातल्या पिलात उतरतात, म्हणजे पिलू जन्मते तेच जंत घेऊन. अंकुशकृमी आईच्या दुधातून येतात आणि जमिनीतून कातडीवाटेही शिरतात. गोलकृमीच्या पिलाचे पोट नगाऱ्यासारखे फुगते, पण पाठीचा कणा दिसतो. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. विष्ठा डांबरासारखी काळी होते आणि हिरड्या पांढऱ्या पडतात. असे पिलू उपाशी दिसते म्हणून आपण भाकरी वाढवतो. पण रक्त पिणारे आत बसले असतील तर भाकरी कोणाला लागणार?

दुसरा शत्रू विषाणू. त्याचे नाव पार्वो. कुत्र्यांचा हा रोग 1978 मध्ये जगात सगळीकडे एकदम पसरला. त्याआधी तो माहीत नव्हता, म्हणून जुन्या माणसांकडे त्याचा उतारा नाही. दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंतच्या पिलांना तो जास्त गाठतो. पिलू आधी सुस्त होते, खाणे सोडते, ओकते आणि मग घाण वासाची, बहुधा रक्ताची हगवण सुरू होते. हा विषाणू आतड्याचे अस्तर सोलतो आणि हाडांच्या मगजातल्या पांढऱ्या पेशीही मारतो. म्हणजे भिंतही पडली आणि पहारेकरीही गेला. उपचार नसेल तर बहुतेक पिले मरतात. वेळेवर सलाईन आणि औषध मिळाले तर बरीच वाचतात.

तिसऱ्या प्रकारात डोळ्याला न दिसणारे एकपेशीय जीव येतात, जिआर्डिया आणि कॉक्सिडिया. साचलेले पाणी, घाणीची जागा आणि दाटीवाटी ही त्यांची घरे.

आता मुद्दा असा की तिन्हींत हगवण दिसते, पण औषध तिन्हींचे वेगळे. पार्वोच्या पिलाला नुसते जंताचे औषध दिले तर पिलू जाते. जंताच्या पिलाला नुसते सलाईन लावले तर चार दिवसांनी ते पुन्हा आडवे होते. म्हणून तपासणी पाहिजे, आणि ती विष्ठेचीच पाहिजे.

अलीकडे मोठ्या शहरांतून आणि परदेशातून एक नवी तपासणी ऐकू येते. आतड्याला सूज आली की तिथे पांढऱ्या पेशी धावून जातात. त्या पेशींत कॅलप्रोटेक्टिन नावाचे प्रथिन असते. ते विष्ठेत उतरते, सहजासहजी कुजत नाही आणि मोजता येते. माणसांच्या आतड्याच्या जुनाट दुखण्यात ही तपासणी आता रुळली आहे. कुत्र्यांसाठी अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात त्यावर काम झाले आहे. ऐकायला छान वाटते. पण ही तपासणी नेमके काय सांगते, ते आपल्या भाषेत समजून घेऊ.

सकाळी शेतात गेलो आणि ज्वारीची धाटे आडवी दिसली, तर नासाडी झाली हे कळले. किती झाली तेही कळले. पण डुक्कर आले की रोही आला की शेजाऱ्याचा बैल सुटला, हे कळायला खाली वाकून पाऊल पाहावे लागते. कॅलप्रोटेक्टिन म्हणजे आडवी धाटे. आतड्यात सूज आहे एवढे ते सांगते, कोणी आणली ते सांगत नाही. शिवाय तान्ह्या पिलांत हे प्रथिन वयामुळेच जास्त असते, जसे ते माणसाच्या तान्ह्या बाळातही असते. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून पिलू आजारी ठरवता येत नाही. ज्याचे दुखणे महिनोन् महिने चालते, त्या मोठ्या कुत्र्याला या तपासणीचा उपयोग आहे. आपल्या तीन महिन्यांच्या पिलाला पाऊल ओळखणारी तपासणी हवी.

आणि ती स्वस्त आहे. मिठाच्या दाट पाण्यात चिमूटभर विष्ठा कालवली की जंतांची अंडी हलकी असल्याने वर तरंगतात. वरचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की गोलकृमी कोणता, अंकुशकृमी कोणता, कॉक्सिडिया आहे की नाही, हे कळते. मीठ, पाणी, काच आणि पाहणारा माणूस, एवढाच खर्च. पार्वोसाठी तयार पट्टी मिळते. ती विष्ठेतला विषाणू दहा-पंधरा मिनिटांत दाखवते. मात्र नुकतीच लस दिलेली असेल तर तसे डॉक्टरांना सांगा, कारण लसीमुळेही पट्टी कधी कधी रोग दाखवते.

मग गावात काय करायचे? आम्ही पाच गोष्टी सांगतो.

एक. पिले पंधरा दिवसांची झाली की जंताचे औषध सुरू करा, आणि दोन महिन्यांची होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी द्या. त्याच दिवशी आईलाही द्या. पिलू वजन करून डॉक्टरांना मात्रा विचारा. गुरांचे इंजेक्शन अंदाजाने टोचू नका.

दोन. पार्वोची लस दीड-दोन महिन्यांच्या वयात सुरू करा. तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यायची आणि शेवटची चार महिने पूर्ण झाल्यावर. एकाच सुईवर का भागत नाही? आईच्या पहिल्या दुधातून आलेली ताकद पिलाच्या अंगात असते, तोवर ती लसीलाही दाबून टाकते. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिलाचे वेगळे. लस बर्फात आणावी लागते, म्हणून एकट्याने धावपळ करण्यापेक्षा गावातली सगळी पिले एका दिवशी घ्या. तीन महिन्यांवर पिसाळण्याची लसही चुकवू नका.

तीन. हगवण लागलेले पिलू वेगळे बांधा. चिमटीत कातडी उचलून सोडा. ती लगेच बसली नाही तर अंगातले पाणी संपत आले आहे. ओकारी नसेल तर मीठ-साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजा. ओकारी असेल तर घरी थांबू नका, सलाईनच लागेल. पोटाला डागणे आणि माणसांच्या हगवणीच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या देणे, हे प्रकार बंद करा.

चार. विष्ठा उचलून खोल पुरा. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, आणि फिनाइलचा त्यावर भरवसा नाही. जागा आधी खरवडून काढा, मग लिटरभर पाण्यात दोन चमचे ताजी ब्लिचिंग पावडर कालवून शिंपडा. त्या जागी नवे पिलू लगेच आणू नका.

पाच. लेकरांचे हात धुवा. कुत्र्याच्या गोलकृमीची अंडी मातीतून लेकरांच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, कधी डोळ्यातही जातात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायात शिरून कातडीखाली नागमोडी खाजरी रेघ काढतात. वेचणीला, निंदणीला अनवाणी जाणाऱ्या बाया आपल्याच घरातल्या आहेत. म्हणजे पिलाचे औषध हा नुसता पिलाचा खर्च नाही.

आता शेवटची गोष्ट, मागणीची. आपण फुकट काही मागत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असेल तर तो कपाटात का राहावा? नसेल तर का नाही? ज्या तपासणीने पिलाचे जंत दिसतात, त्याच तपासणीने वासराच्या शेणातले आणि शेळीच्या लेंडीतले दिसतात. नागपूर, परभणी, उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, तिथे हे रोज शिकवले जाते. शिकलेले तालुक्यापर्यंत पोचावे एवढेच म्हणणे आहे. म्हणून या बैठकीतून प्रत्येकाने जाऊन आपल्या दवाखान्यात तीन प्रश्न विचारावेत: विष्ठा तपासता का, कोणत्या वारी तपासता, आणि निकाल कागदावर देता का? उत्तरे लिहून पुढच्या बैठकीला आणा. तालुकावार यादी झाली की जिल्ह्याला काय मागायचे ते आपोआप ठरेल.

आणि आपापल्या गावात किती पिले झाली, किती जगली, हेही लिहून आणा. जे मोजले जात नाही त्याचा भाव मिळत नाही, हे कापूस पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

जय किसान.