छोटे घर, स्वावलंबी घर

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या निवासी इमारतींच्या आदर्श नियमावलीत २०१८ साली 'छोटे घर' या विषयावर एक परिशिष्ट जोडण्यात आले. पोटमाळा वगळून ज्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर किंवा त्याहून कमी असेल, ते छोटे घर, अशी व्याख्या त्यात करण्यात आली. आपल्या देशात २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली, तेव्हा घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. त्यापूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत ते २० चौरस मीटर होते. ज्याला अमेरिकेत छोटे म्हणून कौतुकाने पाहिले जाते, त्या घरात आपल्याकडील घरकूल सहज मावेल आणि वर अंगणापुरती जागा उरेल.

ही तुलना केवळ आकड्यांची नाही. अमेरिकेत २००८ च्या आर्थिक मंदीनंतर अनेकांनी कर्जाच्या ओझ्यातून सुटण्यासाठी छोटे घर पत्करले. आपल्या पाड्यावरील कुटुंबाने छोटे घर निवडलेले नसते. ते त्याच्या वाट्याला आलेले असते. म्हणून छोट्या घराचा गौरव करताना गरिबाला थोडक्यात भागविण्याची सबब आपल्या हाती येणार नाही, याची दक्षता घेतली पाहिजे. घर लहान असो. त्यातील पाणी, उजेड, हवा आणि आरोग्य मात्र कमी असता कामा नये. छोट्या घराचा विचार या एका कसोटीवर व्हावयास हवा.

दोन घरांची कथा

छोट्या घराचे जगात सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील आहे. हेन्री डेव्हिड थोरो या लेखकाने काँकर्ड गावाजवळ वॉल्डन तळ्याकाठी १० फूट रुंद व १५ फूट लांब अशी खोली स्वतःच्या हातांनी बांधली. ४ जुलै १८४५ रोजी तो तेथे राहावयास गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी त्याने ती जागा सोडली. बांधकामाचा एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट झाला. त्याने हा हिशेब बाबवार लिहून ठेवला असून त्यात फळ्या, चुना, विटा व खिळे यांचा खर्च वेगवेगळा दाखविला आहे. फळ्यांसाठी त्याने रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या एका मजुराची झोपडी विकत घेऊन मोडली. जमीन मात्र त्याचे स्नेही इमर्सन यांची होती आणि थोरो एकटा होता. मुलेबाळे, आजारी माणसे व गुरेढोरे असलेल्या संसाराला त्याचा अनुभव जसाच्या तसा लागू पडत नाही.

संसाराला अधिक जवळचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. थोरोचे लेखन वाचलेले महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगाव येथे राहावयास आले. शेगावच्या नामसाधर्म्यामुळे टपालाचा घोटाळा होत असल्याने १९४० साली या गावाचे सेवाग्राम असे नामकरण झाले. आज 'बापू कुटी' म्हणून ओळखले जाणारे घर मुळात मीराबेन यांच्यासाठी बांधलेले होते. पुढे गांधीजी त्यात राहू लागले. मातीच्या भिंती, बांबू व लाकूड यांचा सांगाडा, वर कवेलू, शेणाने सारवलेली जमीन आणि भोवती ओसरी असे त्याचे स्वरूप आहे. गावच्या परिसरातील साहित्य आणि गावचेच कारागीर, हे त्यामागील सूत्र होते.

१९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला आले असता त्यांनी या कुटीविषयी भाषण केले. एवढ्याशा घरात त्यांनी सात प्रकारच्या जागा मोजल्या. पादत्राणे उतरविण्याची जागा, मधली मोठी खोली, गांधीजींची बसण्याची जागा, पाहुण्यांची खोली, आजाऱ्याची खोली, मोकळी ओसरी आणि प्रशस्त स्नानगृह, असा त्यांचा क्रम होता. आजाऱ्याला स्वतंत्र खोली आणि स्नानाला पुरेशी जागा या दोन गोष्टी घरकुलाचा आराखडा करताना आजही पहिल्यांदा कात्री लागणाऱ्या आहेत. सेवाग्रामच्या आश्रमात दूरध्वनीचे यंत्रही जतन केलेले आहे. साधे घर म्हणजे जगाशी तुटलेले घर, असा अर्थ तेथे कधीच नव्हता.

भिंत आणि छप्पर

वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांची मुंबईत गांधीजींशी भेट झाली होती. आदर्श घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघात मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला. वाहतुकीचा खर्च वाचतो, दुरुस्ती गावातच होते आणि मजुरी गावातच राहते, हे त्याचे व्यावहारिक मर्म होय. मातीची जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश आत सोडते. विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात आणि कवेलूच्या घरात दुपारी जो फरक जाणवतो, तो कोणत्याही शिक्षकाला साध्या तापमापकाने विद्यार्थ्यांना दाखविता येईल.

परंतु जुने ते सर्व सुरक्षित, असे समजणे घातक ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांचे जड माळवद, हे त्या मृत्यूंचे मोठे कारण होते. यातून दोन नियम निघाले. दगडी भिंतीत आरपार जाणारे बांध-दगड ठराविक अंतरावर बसवावेत. आणि दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर सर्व भिंतींना कवटाळणारा अखंड पट्टा घालावा. छप्पर हलके असावे. जोते दोन फूट उंच आणि वळचण दोन-अडीच फूट पुढे असली, तर पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरत नाही व मातीची भिंत टिकते.

पाणी आणि उजेड

सार्वजनिक वाहिन्यांवर अवलंबून नसलेल्या घराचा पहिला हिशेब पाण्याचा असतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. २५ चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला १,००० मिलिमीटर पाऊस धरला, तर २५ हजार लिटर पाणी पडेल. गळती व पहिल्या सरींचे सोडून दिलेले पाणी वजा जाता २० हजार लिटर हाती येईल. पाच माणसांना पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दररोज ४० लिटर लागतात असे मानले, तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांस ४,८०० लिटर पुरतील. म्हणजेच पन्हळ, गाळणी आणि ५ हजार लिटरची झाकलेली टाकी एवढ्या सामग्रीवर टंचाईच्या दिवसांतील पिण्याचे पाणी घरातच साठविता येते. ज्या घरातील स्त्री या महिन्यांत डोक्यावरून हंडे आणते, तिच्या दृष्टीने या टाकीचे मोल वेगळे सांगावयास नको.

विजेचा हिशेबही असाच मांडावा. ७ वॅटचे तीन एलईडी दिवे पाच तास आणि ३० वॅटचा कमी विजेवर चालणारा पंखा आठ तास चालला, तर दररोज सुमारे ३५० वॅट-तास, म्हणजे युनिटच्या एक-तृतीयांशाहून किंचित अधिक वीज लागते. स्वच्छ उन्हात १०० वॅटचा सौरफलक, वाटेतील घट धरून, साधारण तेवढी वीज देतो. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मीच वीज वापरावी, हा तिच्या दीर्घायुष्याचा नियम आहे. तेवढ्यावर पावणेदोन दिवस निभावतात. सलग ढगाळ दिवसांत पंखा बंद ठेवावा लागतो. जेथे पावसाळा जड, तेथे फलक मोठा घ्यावा.

अशा संचात सौरफलक दीर्घकाळ टिकतो, बॅटरी मात्र काही वर्षांनी बदलावी लागते. त्या वेळी घरात पैसे नसले, की चांगला फलक छपरावर निरुपयोगी पडून राहतो. दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवणारा वस्तीचा निधी आणि बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणी भरण्याचे शिक्षण घेतलेला एक तरुण, या दोहोंवाचून सौरदिव्याचे उद्घाटन केवळ छायाचित्रापुरते उरते.

चूल आणि शौचालय

लहान घरात धूर सर्वांत आधी स्त्रिया व बालके यांच्या फुप्फुसांत जातो. वर्ध्याच्या मगनवाडीत बिनधुराच्या 'मगन चुली'चा प्रसार झाला तो याच कारणासाठी. ज्यांच्याकडे चार-पाच गुरे आहेत, त्यांना दोन घनमीटरचे जैववायू संयंत्र शक्य आहे. त्यास दररोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते आणि त्यावर मध्यम कुटुंबाचा स्वयंपाक होतो. मळी शेताला खत म्हणून मिळते. गुरे नाहीत किंवा पाणी दुरून आणावे लागते, तेथे मात्र संयंत्राचा आग्रह धरू नये. सुधारित चूल व धुराडे अधिक उपयोगी ठरेल.

शौचालयाच्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरीतून मैल्याचे खत करणाऱ्या स्वस्त संडासाचा प्रसार केला. त्यामागे माणसाने माणसाचा मैला वाहू नये, ही तळमळ होती. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय त्याच विचाराचे पुढचे रूप आहे. एक खड्डा भरला, की प्रवाह दुसऱ्याकडे वळवावा. पहिल्यातील मैला दीड-दोन वर्षांत कुजून निर्धोक खत होते. तीव्र उताराच्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. गटारवाहिनी नसलेल्या घराला यासारखी सोय नाही.

देखभालीचा भार

या घराची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. मातीची भिंत पावसाळ्यानंतर लिंपावी लागते, जमीन वरचेवर सारवावी लागते, पन्हळ झाडावी लागते, फलक पुसावा लागतो. हे काम बहुतांशी घरातील स्त्रीकडे येते. म्हणून जोत्याचा व स्नानगृहाचा भाग दगडी किंवा सिमेंटचा करणे, सारवणाच्या जागी टिकाऊ फरशी घालणे, यांस साधेपणाचा भंग मानू नये. कुटुंबाला पक्के घर हवे असेल, तर त्याची ती इच्छा अडाणीपणाची नसून अनुभवातून आलेली असते.

ग्रामपंचायतीने घरकुलांची यादी करताना प्रत्येक लाभार्थ्याच्या जागेवर पाण्याचा, उन्हाचा आणि उताराचा पाहणी-तक्ता तयार करावा. गावातील गवंडी व सुतार यांना बांध-दगड व पट्टा यांचे प्रात्यक्षिक दाखवावे. शाळेने पर्जन्यमापक ठेवून छपरावरील पाण्याचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. आणि आराखडा निश्चित करण्यापूर्वी त्या घरात चूल पेटविणाऱ्या, पाणी आणणाऱ्या स्त्रीला एकदा तरी विचारावे, की दार कोणत्या दिशेला हवे, टाकी कोठे हवी आणि आजारी माणसाला कोठे निजवायचे. २५ चौरस मीटरच्या घराचा निम्मा आराखडा तिच्या उत्तरातच तयार असतो.