आरसा, फोन आणि शस्त्रक्रिया



लग्नसराई तोंडावर आली की आपल्या नेकनूरसारख्या गावातही हल्ली एक नवा विषय निघतो. पोरगं तिशीला टेकलेलं, कपाळावरचे केस मागे सरकलेले, दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले ते पुन्हा फिरकलेच नाहीत. मामा सुचवतो, पुण्यात केस बसवून मिळतात, हप्तेही पाडून देतात. दुसऱ्या घरात मुलीच्या नाकाची चर्चा. करावी का अशी शस्त्रक्रिया?

रूप सुधारून घेण्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि हे खूळ बाहेरून आलेलंही नाही. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक कापलं, एक हातही तोडला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक घडवलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, कडेने रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली आणि भुवयांमधला देठ शाबूत ठेवून खाली वळवली. याची हकिगत 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. पुढे 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने तिकडे याच रीतीने नाक केलं. पुण्याच्या त्या कारागिराचं नाव मात्र त्या हकिगतीत नाही!

कावसजीचं वैगुण्य साऱ्या जगाला दिसत होतं. भाजल्याचे व्रण, दुभंगलेला ओठ, अपघातात मोडलेलं नाक यांचंही तसंच. तिथे शस्त्रक्रियेने माणूस पुन्हा चारचौघांत बसू लागतो.

अडचण निराळीच आहे. काहींचं वैगुण्य इतरांना दिसतच नाही, किंवा तीळभर दिसतं. ज्याचं त्याला मात्र डोंगराएवढं वाटतं. तो तासन्‌तास आरशापुढे असतो, नाहीतर आरसा टाळतो. तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही, कॉलेज बुडवतो, ‘माझं नाक वाकडं दिसतं ना?’ म्हणून आईला दिवसभर विचारत राहतो. आई वैतागून ‘नाटकं करू नको’ म्हणते. ही नाटकं नसतात. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर नावाचा हा मनाचा आजार आहे, आणि तो बहुधा वयात येतानाच सुरू होतो. अशा माणसाचं शस्त्रक्रियेने सहसा समाधान होत नाही. नाक झालं की हनुवटी खुपू लागते. गोळ्या आणि समुपदेशन यांचा मात्र उपयोग होतो.

त्यात हातातला फोन. एका फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 साली हिशेब मांडून दाखवलं. म्हणजे ज्या नाकावर पोरगी रडते, ते नाक तिचं नसतंच.

आणि घरच्यांना विचारायचंय, चेहरा पोराला बदलायचाय की मामाला? आपल्याकडे स्थळं नोकरीवरून आणि पाण्याखालच्या जमिनीवरून मोडतात. केस बसवले म्हणून विहिरीला पाणी लागत नाही. ‘हे केल्यावर नेमकं काय बदलेल?’ याचं उत्तर ‘लग्न जमेल’ एवढंच असेल, तर हप्ते फिटायच्या आत निराशा येईल.

एवढं सगळं पाहूनही करायचं ठरलं, तर जरूर करा. फक्त डॉक्टरची पदवी तपासा. केस बसवायला शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण लागतं, यूट्यूब पाहून ते येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 साली लेखी बजावावं लागलं. त्याआधी, 2019 मध्ये, मुंबईत केस बसवून घेतल्यावर एका व्यावसायिकाचा जीव गेला होता.

आणि हा मघाचा मनाचा आजार तर नाही ना, हे पाहायला बयाणा देण्याआधी एक चक्कर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाकडे मारा. तेवढं जमत नसेल, किंवा गावात कुणी पाहील अशी भीती वाटत असेल, तर घरूनच 14416 वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती मोफत आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.