जमिनीतले सालगडी
(शिरूर-दौंड बैठकीतील भाषण)



हवेत 78 टक्के नत्र आहे. पण ज्वारी-कपाशीला ते थेट घेता येत नाही. ते काम जिवाणू करतात. मटकी, हुलगा, तुरीच्या मुळांवरच्या गाठीत रायझोबियम, तर ज्वारीच्या मुळांभोवती अ‍ॅझोटोबॅक्टर. हे सालगडी मजुरी मागत नाहीत, भाकरी मागतात. त्यांची भाकरी म्हणजे शेणखत, काडीकचरा. आपण धसकटं पेटवतो तेव्हा त्यांचं ताट जाळतो. पऱ्हाटी उभी ठेवली तर बोंडअळी राहते, हे खरं. म्हणून ती कुट्टी करून खड्ड्यात कुजवू.

घोड-भीमेच्या काठाला पाणी आहे. आपल्या कोरडवाहू रानाला मातीच भांडवल. ज्वारीच्या किलोभर बियाण्याला 25 ग्रॅम अ‍ॅझोटोबॅक्टर चोळू. गंधक आधी, जिवाणू नंतर. सावलीत सुकवून लगेच पेरू.

आणि मेलेले जिवाणू पाकिटात विकणं ही लूटच. 2006 साली जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशात आली. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत जिवाणू हवेत. तारीख पाहू, पावती घेऊ, उन्हात पडलेलं पाकीट नाकारू. जिवाणू फुकट राबतात. त्यांच्या नावावर कुणी आपल्याला नागवू नये.